बारा वाजून वीस मिनिटं

स्मरणिका समितीचं पत्र आलं, ‘आपल्या आवडत्या शिक्षकांविषयी दोन पानं लिहून पाठवा.’ समितीतली निम्मी मंडळी माझ्याच वर्गातली, तेव्हा मी कोणावर लिहिणार हे त्यांना पत्र टाकण्याआधीच ठाऊक असणार. गणिताच्या बाई, संस्कृतचे सर, पीटीचे सर यांच्याबद्दल बाकीचे लिहितीलच. मी भूगोलाच्या सरांवर लिहिते. ते माझे वडील आहेत, म्हणून हा पक्षपात झाला असं कोणी म्हणालं तर म्हणू दे. शाळेचा सुवर्णमहोत्सव आणि बाबांची ऐंशी एकाच वर्षी आली, त्याला मी काय करणार?

आता बाबांचा वाढदिवस नेमका कधी, यावर आमच्या घरी अजून वाद आहे. सर्व्हिस बुकात तारीख आहे १ जुलै. त्या काळी नाव घालायला गेलेल्या निम्म्या पोरांचा जन्म गुरुजींच्या कृपेनं जून-जुलैतच व्हायचा. आजीचा हिशेब वेगळा. आमचं मूळ घर नागपूरच्या इतवारीतलं. ती सांगायची, ‘मारबत दारावरून गेली अन् हा आला.’ म्हणजे तान्ह्या पोळ्याचा दिवस, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा पोळा; त्याच दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते. बाबांनी पुढे जुनं पंचांग मिळवून सप्टेंबर १९४५ चा पहिला आठवडा काढला. जपानच्या शरणागतीवर सह्या होऊन आठवडाही झाला नव्हता, हे ते अजून कौतुकानं सांगतात, जणू काही महायुद्ध त्यांच्यासाठीच थांबलं. स्टाफरूममध्ये पेढे १ जुलैला वाटले जायचे. घरी मात्र पुरण तान्ह्या पोळ्याला शिजायचं. गल्लीतली पोट्टी लाकडी नंदी सजवून बोजारा मागायला दारात आली की बाबा प्रत्येकाला आधी विचारायचे, ‘नंदीचं तोंड कोणत्या दिशेला आहे?’ बरोबर सांगेल त्याला नाणं जास्त. चुकलेल्यालाही मिळायचं, पण दिशा पाठ झाल्यावर.

घरी आणि शाळेत एकच माणूस, पण फाटकाच्या आत मी त्यांना ‘सर’ म्हणायचं, हा नियम पाचवीतच ठरला होता. ते सायकलवर पुढे जायचे, मी मैत्रिणींबरोबर पायी मागून. डबा विसरला तर तो स्टाफरूममधून शिपाईकाकांच्या हातून यायचा, बाबांच्या हातून कधीच नाही. नकाशात उत्तरेचा बाण विसरला की माझाही अर्धा मार्क जायचा, आणि रात्री जेवताना त्यावर चकार शब्द निघायचा नाही. आई चिडायची. ‘घरात तरी बाप व्हा,’ म्हणायची. ते पोळीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणायचे, ‘ते पेपर शाळेत तपासले.’

शून्य मैलाच्या दगडाची सहल आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. विधानभवनाकडच्या रस्त्याला, ऊन डोक्यावर, आणि सगळा वर्ग त्या षटकोनी चौथऱ्याभोवती गोल फिरत गावांची नावं वाचतोय: हैदराबाद, जबलपूर, छिंदवाडा, सिवनी, बैतूल. एकानं विचारलं, ‘सर, म्हणजे आपण देशाच्या एकदम मधोमध ना?’ बाबा म्हणाले, ‘दगडावर तसं लिहिलंय का? वाच.’ त्यानं पुन्हा एक फेरी मारली. तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. ‘मग काहून म्हणतो?’ बाजूच्याच खांबावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे, १०२० फुटांच्या वर. ती मात्र त्यांनी सगळ्यांना वहीत लिहून घ्यायला लावली. जे कोरलंय ते लिहा, जे लोक म्हणतात ते तपासा, असा त्यांचा खाक्या. भूगोलाचे मार्क आपण सगळे विसरलो, पण हा खाक्या माझ्या अंगात भिनला.

मला खरं म्हणजे सांगायचं आहे ते त्या जुलैबद्दल. आठवीतल्या. इतर तुकड्यांनी हे पाहिलेलं नाही, त्यामुळे जरा पाल्हाळ लावते.

नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडं वर, म्हणजे कर्कवृत्ताच्या अलीकडे. त्यामुळे वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी गडप होते. एकदा २६ मेच्या सुमारास, एकदा १७ जुलैच्या. आता विदर्भातल्या शाळेची अडचण बघा. मेमध्ये आकाश लख्ख, पण शाळेला सुट्टी, पोरं आजोळी. जुलैत शाळा भरलेली, पण वर ढग. बाबा ह्या जुलैच्या मागे हात धुऊन लागले होते. दरवर्षी त्या आठवड्यात मैदानात बांबू रोवायचा, आणि दरवर्षी पावसानं सगळ्यांना भिजवून वर्गात पाठवायचं. संस्कृतचे सर त्यांना म्हणायचे, ‘अहो, मेघदूत मी शिकवतो, तुम्ही काय मागे लागलात?’ पण आपला तास मात्र मुकाट्यानं देऊन टाकायचे.

त्या वर्षीही तेच. मैदानाच्या मधोमध बांबू. शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून मागून आणलेला ओळंबा बाबांनी चारी बाजूंनी लावून पाहिला. बांबू केसभरही कललेला चालायचा नाही. भोवती फक्कीनं आखलेलं वर्तुळ, ते सकाळच्या सरीत अर्धं वाहून गेलेलं. शिपाईकाका दुसऱ्यांदा फक्की घेऊन उभे. बारा वाजले. कोणीतरी म्हणालं, ‘सर, बारा वाजून गेले, सूर्य डोक्यावर आला असेल.’ बाबांना हेच हवं होतं.

‘घड्याळात बारा वाजले. ते घड्याळ काय आपलं आहे? ते ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालतं, तिकडे मिर्झापूरजवळ. आपण कुठे? ७९ वर. दर अंशाला सूर्याला किती वेळ लागतो?’

‘चार मिनिटं!’

‘साडेतीन अंशांना?’

‘चौदा!’

‘आणि जुलैत सूर्य स्वतःच सहाएक मिनिटं उशिरा येतो. तो काहून, ते कॉलेजात गेल्यावर विचारा. किती झाले?’

बारा वाजून वीस मिनिटं. आम्ही चिखलात ताटकळत उभे. चपलेखाली मुरूम चुरचुरत होता, मागची पोट्टी एकमेकांच्या दप्तरावर पाणी उडवत होती. बारा पंधरा, ढग. बारा अठरा, ढग. शिपाईकाका आमच्याकडे बघून नुसते हसले. आणि तेवढ्यात कडुलिंबाच्या मागून ऊन पळत आलं. खरोखर पळत आलं, कंपाउंडच्या भिंतीवरून मैदानात. बाबा गुडघे टेकून चिखलात बसले. बांबूच्या बुडाशी त्याच्या जाडीएवढा काळा ठिपका, बाकी काही नाही. फक्कीच्या वर्तुळात दुसरी रेघच नाही. मग एकानं स्वतःच्या पायाकडे पाहिलं आणि ओरडला, ‘अरे, माझी पण गेली!’ सगळे आपापल्या पायाखाली बघायला लागले. कोणी उड्या मारून पाहिलं, कोणी हात पसरून. आमच्या सगळ्यांच्या सावल्या चपलांखाली दडपल्या होत्या. बाबांनी मान वर केली, धोतरासारखी चिखलानं माखलेली पँट, आणि ते हसत होते. शाळेत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘बाबा, तुमची पण नाही!’

सगळा वर्ग क्षणभर गप्प, आणि मग जे हसू फुटलं! बाबा काही बोलले नाहीत. ऊन दोन-तीन मिनिटं टिकलं असेल.

दुसऱ्या दिवसापासून वर्गातले सगळेच त्यांना पाठीमागे ‘बाबा’ म्हणायला लागले. वर्षभरात ते नाव बाकीच्या तुकड्यांत गेलं, मग लहान वर्गांत. मी दहावी करून बाहेर पडले, तरी नाव शाळेत राहिलं. एकुलत्या एका पोरीनं एवढ्या भावंडांत बाप वाटून घ्यावा, याचा मला तेव्हा भयंकर राग यायचा. आज धरमपेठेत भाजी घेताना, मेडिकलच्या रांगेत, मेट्रोत, कोणीतरी टक्कल पडलेला गृहस्थ वाकून त्यांच्या पाया पडतो आणि ‘बाबा, ओळखलं का?’ म्हणतो. बाबा ओळखतात. नावानं नाही, बाकावरून. ‘खिडकीजवळचा तिसरा, नद्या उलट्या वाहवायचास तू.’

मी स्वतः आज जमिनीच्या नकाशांचं काम करते. काटोल-नरखेडकडे एखाद्या शेतकऱ्यानं काळ्या भारी जमिनीत संत्रा लावायचा ठरवला की आम्ही आधी खड्डा खणून निचरा बघतो. पाणी मुळाशी साचलं तर डिंक्या लागतो आणि बहराच्या वयात झाडं वाळतात. शेतकरी म्हणतो, ‘बाजूवाल्यानं लावली ना.’ माझ्या तोंडी आपोआप येतं, ‘तपासलं का?’ सोबतचे सहकारी म्हणतात, मॅडम फार कडक. त्यांना माझ्या बाबांचा अर्धा मार्क माहीत नाही.

मागच्या महिन्यात कार्यक्रमाच्या तयारीसाठी शाळेत गेले होते. मैदान आता मैदान राहिलेलं नाही. अर्ध्या जागेत नवी इमारत उभी आहे, उरलेल्यावर फरसबंदीचे गट्टू बसवलेत. पार्किंगच्या जागी कडुलिंब होता, तो गेला. मान्य आहे, पावसाळ्यात चिखल होत नाही, पालक खूश आहेत, मुलींसाठी स्वच्छतागृहं चांगली झाली, आणि ती आमच्या वेळी धड नव्हतीच. पण ओळंबा लावून बांबू रोवायचा तर गट्टू उखडावा लागेल. बाबांना मी हे सांगितलं नाही. त्यांच्यासाठी २०२० सालचा धक्काच पुरेसा होता. करोनामुळे दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला, तेव्हा ते दिवसभर बोलले नव्हते. ‘एकच विषय रद्द झाला, आणि तो कोणता, बघ,’ एवढंच रात्री म्हणाले. तसाही भूगोलाचा पेपर शेवटचा. पोरं दप्तरात रंग घेऊनच परीक्षेला यायची.

यंदा तान्ह्या पोळ्याला त्यांना ऐंशी पूर्ण झाली. आम्ही सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला, हॉल बघितला, आचारी ठरवला. बाबांनी वर्तमानपत्राच्या समासात गुणाकार केला: पौर्णिमा ते पौर्णिमा २९.५३ दिवस, गुणिले हजार, म्हणजे ८० वर्षं आणि दहा महिने. ‘अजून दहा चंद्र बाकी आहेत. खोट्या हिशेबावर कसली पूजा?’ हॉलवाल्याला आगाऊ रक्कम दिली होती, ती परत मागताना आईचा जीव अर्धा झाला.

खऱ्या हिशेबानं तारीख पुढच्या जुलैच्या मध्यावर येते. शाळा भरलेली असेल, सतरा तारीख दोन दिवसांवर असेल. बाबांनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा चेहरा अगदी निर्विकार होता, पण मी त्यांची पोरगी आहे, मला तो चेहरा कळतो. मुख्याध्यापकांना मी एक गट्टू काढू देण्याची विनंती करणार आहे. बांबू माझ्याकडून, ओळंबा बाबांच्या कपाटात आहे, गवंड्याला परत करायचा राहूनच गेला. आपल्या तुकडीनं आणि बाकीच्या सगळ्या भावंडांनी बारा वाजेपर्यंत पोचावं. शाल-श्रीफळ आणू नये, कपाटात जागा नाही. छत्री मात्र आणावी.