तुम्हीच अडवलंत ना?

शुक्रवार, रात्री साडेअकरा

मैत्रिणीचा मुलगा साताऱ्याहून राहायला आलाय. संध्याकाळी त्याला नरिमन पॉइंटच्या कट्ट्यावर नेलं. बराच वेळ पाण्याकडे बघून म्हणाला, "मावशी, महाराजांचं स्मारक कुठाय?" म्हटलं, शिवाजी महाराजांचं स्मारक इथेच समुद्रात व्हायचं होतं, अजून झालं नाही. "तुम्ही कोळ्यांनीच अडवलंत ना?"

पोरगं बारा वर्षांचं. कुठेतरी ऐकलं ते बोललं. पण रात्री माझ्या घशाखाली घास उतरेना.

आमच्या देव्हाऱ्यात एकवीरा आईशेजारी महाराजांची तसबीर आहे, आबांनी लावलेली. होडी काढायच्या आधी ते दोघांच्या पाया पडायचे. आणि आम्ही महाराजांना अडवलं?

२४ डिसेंबर २०१६ ला स्मारकाचं जलपूजन झालं, तेव्हा दादानं होडीवर लावायला काळं फडकं काढलं होतं. आबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, तिथल्या खडपावर, पाण्यातल्या खडकांवर, म्हावरं अंडी घालतं, तिथे भराव टाकला तर जाळं कुठे टाकायचं? पुतळा दोनशे मीटरच्या आसपासचा, भराव जवळपास १६ हेक्टरचा. आबांच्या होडीचं पुढे काय झालं, ते आज नको.

काम थांबलं ते २०१९ च्या जानेवारीत, सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून. पर्यावरणाच्या परवानगीचा वाद होता. हे त्या पोराला सांगता आलं असतं. सुचलंच नाही. "अडवलंत" एवढंच कानात राहिलं.

त्याआधी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, पायाभरणीला निघालेली बोट खडकावर आपटली आणि एक जण गेला. दादा भिंतीकडे तोंड करून बसला होता. "तो खडप मला ठाऊक होता गं," एवढंच म्हणाला.

महाराजांनी समुद्रात बांधलंच नाही असं थोडंच आहे? १६७९ मध्ये मुंबईच्या इंग्रजांच्या डोळ्यांदेखत त्यांनी खांदेरी बेटावर किल्ला उभारायला घेतला. त्यांच्या आरमारात कोळी होते, भंडारी होते. आबा खांदेरीच्या वेताळाला नारळ द्यायला जायचे. परतताना म्हणायचे, राजानं बांधला, पण आपल्याला बरोबर घेऊन बांधला.

स्मारक मलाही हवंय. हे लिहिताना हात थांबला नाही, बरं वाटलं.

पोरगं शेजारी तोंड उघडं टाकून झोपलंय. गेटवेसमोरचे महाराज, १९६१ पासून घोड्यावर बसलेले, त्याला उद्या दाखवीन. पण आधी भाऊच्या धक्क्यावर, दादाच्या म्हावऱ्याच्या पेट्या उतरतात तिथे. पहाटे चारचा गजर लावलाय.