अक्काला कन्नड वाचता येतं

डाव्या टाचेला फोड आला तो वंटमुरीच्या घाटातच, पण मी कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर पोरांनी टेम्पोत भांड्यांशेजारी बसवलं असतं, आणि सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा वारीला निघून दुसऱ्याच दिवशी टेम्पोत बसलो म्हटल्यावर गावात काय तोंड दाखवणार. नवे बूट घालू नका म्हणून सगळे सांगत होते. पण मुलानं पुण्याहून आणलेले, महागाचे, न घालून कसं चालेल.

आमची दिंडी बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावातली. आषाढीला आमच्याकडं भाताच्या लावणीची गडबड, त्यामुळं बाबांच्या वेळेपासून माघीलाच जातात. काकती झालं, हत्तरगी झालं, तिथं काय जेवलो विचाराल तर आठवत नाही. टाच आठवते.

संकेश्वरला हिरण्यकेशीच्या पुलाजवळ बायकांचा एक घोळका दिंडीत आला, त्यात अक्का. खांद्याला पिशवी, बाकी आई दिसायची तशीच. बुवांना माहीत होतं, पोरांना माहीत होतं, मला तेवढं सांगितलं नव्हतं. वारकऱ्यांनी भेटल्यावर पाया पडायचं, लहानमोठं बघायचं नाही, त्यामुळं ती माझ्यापुढं वाकली, "माउली" म्हणाली आणि शेजारच्याच्या पाया पडायला सरकली. मी पण वाकलो होतो, हात तिच्या पायाला लागला की रस्त्याला लागला देव जाणे. 2009 नंतर तिच्या तोंडून माझ्यासाठी आलेला हा पहिला शब्द, आणि तो पण जो येईल त्याला म्हणतात तोच.

झालं असं होतं की आई गेल्यावर तेरावं उरकलं आणि मी अक्काची एका कागदावर सही घेतली. वारसा नोंदीला लागते म्हणून सांगितलं. ते होतं हक्कसोड, जमिनीतला वाटा सोडल्याचा कागद. कर्नाटकात 1994 लाच मुलींना वाटा मिळायचा कायदा झाला होता, पण त्यात लग्न झालेल्या मुली नव्हत्या, म्हणून आम्ही सगळे भाऊलोक निवांत होतो. मग 2005 ला केंद्राचा आला, त्यात लग्नाची अट नाही. कट्ट्यावर हाच विषय असायचा, कोणाच्या बहिणीनं मागितलं, कोणाच्या नाही. अक्कानं मागितलं नव्हतं. मीच घाबरलो. कागद कन्नडमध्ये टाईप केलेला, आम्ही दोघं मराठी शाळेतले, मला अजून बसवरची पाटी वाचता येत नाही, म्हटलं हिला काय कळणार. त्यानंतर ती घरी आली नाही. भाऊबीज नाही, पोरांच्या लग्नाला आली ती मांडवातनं जेवून परत. मला वाटत होतं कुणीतरी तिचे कान भरले.

संकेश्वर ते चिकोडी ती बोलली नाही. काही सांगायचं असलं की पोरांना, "त्यांना म्हणावं ताक आहे." हरिपाठाला अर्धी मात्रा पुढं पळते आणि आवाज एवढा मोठा की टाळकरी पण तिच्या मागं. लहानपणी पण असंच. खरं सांगतो, विठ्ठल राहिला बाजूला, मला नुसता राग येत होता.

चिकोडी सोडून अंकलीच्या रस्त्याला लागलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. माघातली थंडी सकाळपुरती, दुपारी डांबर तापतं. साखर कारखान्यांचा सीझन चालू, दोन दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर गाणी ठणाणा लावून अंगावर येतात, ट्रॉली अशी हलते की आपण चरात. दिंडी पुढं गेली. पताका दिसेना झाली, मग टाळ पण ऐकू येईना. फोड फुटून सॉक्स कातड्याला चिकटलेला, मी बूट हातात घेऊन चालत होतो. आणि मागं अक्का. तिचा गुडघा दुखत होता म्हणून ती मागं राहिली, असं ती म्हणते.

एका घरासमोर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. माझा पाय बघितला आणि "बर्री, कूडरी" करून कट्ट्यावर बसवलं. आत जाऊन घमेल्यात कोमट पाणी आणलं, त्यात मूठभर मीठ टाकलं, स्वतः खाली बसून माझा पाय धरून पाण्यात ठेवला. मी नको नको म्हणतोय, तिला काय कळतंय. टाच अशी झोंबली की डोळ्यातनं पाणी आलं. अक्का मला बघून न बघितल्यासारखं करत तिच्याशी बोलायला लागली. कन्नडमध्ये. ते काय विशेष नाही, हुक्केरी तालुक्यात दिलेली, पन्नास वर्षं तिथं काढली, बोलणारच. पण म्हातारीनं आतनं प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद आणला. पेन्शनचा होता बहुतेक, तो आल्यापासून तिला वाचून दाखवायला कोणी नव्हतं. अक्कानं कागद लांब धरला, चष्मा पुसला, परत धरला आणि ओळीवर बोट ठेवून घडाघडा वाचायला लागली. कुठं अडखळली नाही. मध्येच थांबून म्हातारीला समजावून सांगत होती, म्हातारी हं हं करत होती.

मी पाण्यात पाय घालून बसलोय.

"तुला वाचायला कधी यायला लागलं?" मी विचारलं. पंधरा वर्षांनी बोललो ते हे.

"पोरांच्या शाळेच्या पुस्तकातनं. थोरला चौथीत होता तेव्हा."

थोरल्याला आता नातवंडं व्हायची वेळ आली. मी हिशेब केला आणि करून गप्प बसलो. तीच बोलली, कागदाची घडी घालत, "वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की, हक्कु बिडुगडे म्हणून. तुझं बोट थरथरत होतं कुठं सही कर ते दाखवताना. म्हटलं, करून टाकूया."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगतोस काय बघत होते."

एक ट्रॅक्टर गेला, गाणं लांब जाईपर्यंत कोणीच काही बोललं नाही. मग म्हणाली, "बाळू, पाय काढ आता. पाणी गार झालं."

तिच्या पिशवीत सुईदोरा होता. फोड अर्धा फुटलेला, राहिलेल्यात सुई घालून दोरा ओवला आणि तसाच आत ठेवून कापला, म्हणजे पाणी झिरपतं आणि कातडं निघत नाही. माझा पाय मांडीवर घेऊन करत होती आणि शिव्या देत होती, मला कमी, बुटांना जास्त. म्हातारीला पैसे देऊ केले तर ती रागावली. उलट तिनंच पदराची गाठ सोडून दहाची नोट अक्काच्या हातात दिली, पांडुरंगापुढं ठेवा म्हणाली.

अंकलीला अंधार पडल्यावर पोचलो. माउलींचे अश्व इथल्या शितोळे सरकारांच्या वाड्यातनं आळंदीला निघतात, लहानपणापासून ऐकलेलं, वाडा बघायचा होता. झोपलो. कृष्णेचा पूल, मिरज, कवठेमहांकाळला कुणीतरी दिलेली द्राक्षं, सांगोला. सगळं अक्काच्या चप्पल घालून. तिनं दुसरी जोडी आणली होती, एक बोट तोकडी. रात्री घोरते, ते कुणीतरी तिला सांगायला पाहिजे.

पंढरपुरात एकादशीला पदस्पर्शाची रांग बघूनच आम्ही मुखदर्शन घेतलं. दहाची नोट अक्कानं स्वतः पेटीत टाकली. फराळाला उकडलेली रताळी होती. तिनं एक सोललं, चावलं.

"ही आपल्या मातीतली नव्हेत," म्हणाली. "सपक आहेत."

"टेकावरच्या शेतात यंदा चांगली झाल्यात. शिवरात्रीला पोतं घेऊन येतो."

"पोतं कशाला, खाणारं कोण आहे घरात. पाच किलो आण. आणि ते बूट घालून येऊ नको."