खेचराचा ओठ

जेवणानंतर डोळा लागू नये म्हणून जुना विनोदी सिनेमा लावावा, तर त्यातलं खेचर वाक्य संपलं तरी ओठ हलवतच राहतं. आवाज कधीच थांबलेला असतो. समोरचा लष्करी गडी आ वासून उभा असतो. आणि खेचराचा वरचा ओठ आपला लुबुलुबु चालूच. सबंध सिनेमात मला सगळ्यात प्रिय असतं ते हेच आगाऊ हलणं. वाद घालायला माणसं येतात, पण खेचराच्या ओठाबद्दल मी कुणाचं ऐकून घेत नाही.

बोलक्या लष्करी खेचराचा, 1950 सालचा युनिव्हर्सल स्टुडिओचा ‘फ्रान्सिस’ पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. दिग्दर्शक आर्थर लुबिन, नायक डोनाल्ड ओ’कॉनर, आणि खेचराचा घोगरा, जरा वैतागलेला आवाज चिल विल्सचा. पडद्यावरचा फ्रान्सिस पुरुषी आवाजात लष्कराची टर उडवतो, पण ते काम करणारं खेचर मादी होतं, नाव मॉली. तिच्या तोंडात एक दोरा सरकवलेला असे. दोरा ओढला की ती तो बाहेर ढकलायला ओठ हलवायची आणि आपण म्हणायचं, बोललं बुवा! पीनट बटर चाटवून ओठ हलवून घेतले, ही गोष्ट लोक हमखास सांगतात. ती खोटी. लुबिननंच पुढे ‘मिस्टर एड’ ही बोलक्या घोड्याची मालिका केली, तिच्याबद्दलही हीच बटरची कथा फिरते.

आता दोऱ्याला काही चिल विल्सचे संवाद पाठ नसतात. म्हणून वाक्य संपतं आणि ओठ मागे राहतो. आणि सिनेमा घरी बघण्यासाठी नव्यानं स्वच्छ करणारा माणूस नेमका इथं अडकतो.

त्याचं काम तसं सरळ दिसतं. मूळ कॅमेरा निगेटिव्ह हाती लागली तर उत्तम, नाही तर तिच्यावरून बारीक कणांच्या फिल्मवर काढलेली सुलट प्रत, म्हणजे फाइन ग्रेन पॉझिटिव्ह. आधी छिद्रं आणि जोड तपासायचे. 35 मिमी रुंदीच्या फिल्मवर एका फ्रेमला दोन्ही कडांना चार-चार छिद्रं. त्यातलं एक जरी फाटलं असेल तर स्कॅनरवर चढवण्याआधी ते दुरुस्त करावं लागतं. अॅसिटेट या प्लास्टिकवरच्या फिल्मच्या डब्याला व्हिनेगरचा वास येत असेल तर समजायचं की ती आंबायला लागली आहे; अशी फिल्म आक्रसते, वाकडी होते आणि स्कॅनरमध्ये सपाट बसत नाही, मग चित्राची एक कड धूसर येते. चरे असतील तर वेट गेट वापरतात. फिल्म एका द्रवातून जाते, तो द्रव चऱ्यांत भरतो आणि प्रकाश सरळ पार होतो. बेसवरचे, म्हणजे फिल्मच्या पारदर्शक पट्टीवरचे, चरे यानं गायब होतात. चित्र धरणारा थर, म्हणजे इमल्शनच खरवडलं गेलं असेल तर द्रवाचा काही उपयोग नाही, तिथं चित्रच उरलेलं नसतं.

खरी गंमत त्यापुढे. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे दीड तासाच्या सिनेमात 1,29,600. इतक्या फ्रेम हातानं कोण पुसणार? म्हणून सॉफ्टवेअर. ते प्रत्येक फ्रेम आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमशी ताडून बघतं. एकाच फ्रेममध्ये आहे आणि शेजारच्या दोन्हींत नाही, अशी प्रत्येक गोष्ट त्याच्या लेखी कचरा. धुळीचा कण असाच असतो, त्यामुळे नियम चांगला आहे. पण खेचराच्या नाकावरून उडालेली माशीही अशीच असते. कान झटकला की त्याचं टोक, खाताना उडालेली गवताची काडी, फुरफुरताना उडालेला थुंकीचा थेंब, सगळं एकेका फ्रेमचं. सॉफ्टवेअरची धार जरा चढवली की माशी जाते, काडी जाते, आणि कानाचं टोक दोन फ्रेमपुरतं तुटून परत येतं. माणसांच्या सिनेमात हे पटकन लक्षात येत नाही, माणसं कान झटकत नाहीत. जनावरांच्या सिनेमात म्हणूनच यंत्राची सफाई मंद ठेवायची, यंत्रानं काय काय उचललं त्याचा वेगळा थर काढून नजरेखालून घालायचा, आणि माशा परत आणून बसवायच्या. हो, माशा परत बसवणं हेही काम आहे.

ग्रेनचं, म्हणजे फिल्मवरच्या कणांच्या रवाळपणाचं, तेच. ग्रेन फार वाटतं म्हणून नॉइज रिडक्शन, म्हणजे कण पुसणारी प्रक्रिया, लावलं की पहिला बळी खेचराच्या अंगावरच्या केसांचा. बारीक केस आणि ग्रेन यांत यंत्राला फरक करता येत नाही. गुळगुळीत मेणाचं जनावर बोलायला लागतं, आणि ते बघवत नाही. या काळातल्या सिनेमांत आणखी एक खूण असते: डिझॉल्व्ह, म्हणजे एक दृश्य दुसऱ्यात विरघळणं, यायच्या जरा आधी चित्र अचानक जाड, भरड होतं. तो तुकडा फिल्मवरून फिल्म छापणाऱ्या ऑप्टिकल प्रिंटरवरून पुन्हा छापलेला, म्हणजे मूळ निगेटिव्हच्या पुढच्या पिढीचा असतो. तो बाकीच्याशी जुळवायला बाकीचं भरड करू नये आणि त्याला घासूही नये. दिसू द्यावा.

आणि तो दोरा? एखाद्या नव्या स्कॅनमध्ये तोंडाच्या कडेला चकाकती रेघ दिसली तर पुसायची की नाही? माझं मत ठाम आहे: नाही. 1950 च्या प्रिंटवर ती कदाचित विरघळून जात असेल, असं म्हणत पुसणारे भेटतात, आणि त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण दोरा पुसला की उद्या कुणीतरी ओठही वाक्याबरोबर थांबवेल. तंत्र आहेच हाताशी. मग खेचर शहाण्यासारखं बोलेल आणि विनोद जागीच मरेल.

घरी बघणाऱ्याला यातलं काहीच करायचं नसतं, फक्त टीव्हीला आवर घालायचा असतो. मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद, शार्पनेस शून्याच्या आसपास, फिल्ममेकर मोड (सिनेमा मूळ रूपात दाखवणारी सेटिंग) असेल तर तोच. फ्रान्सिसचा पहिला सिनेमा 1.37:1 च्या, म्हणजे उंचीच्या 1.37 पट रुंद, चौकटीतला, तेव्हा आजच्या रुंद पडद्यावर डावी-उजवीकडे काळे पट्टे येणारच. पट्टे खुपतात म्हणून झूम केलं तर उंचीचा जवळजवळ पाव भाग कापला जातो. खेचराच्या बाबतीत हा पाव भाग म्हणजे कान. ताणून पडदा भरला तर खेचर गाभण दिसतं.

आवाज साउंडबारमधून येत असेल तर तो चित्राच्या आधी पोचू शकतो, कारण टीव्ही चित्रावर प्रक्रिया करत बसतो. ऑडिओ डिले थोडाथोडा वाढवत जुळवायचा. मात्र जुळवताना खेचराच्या तोंडाकडे बघू नका! अख्खी दुपार जाईल आणि जुळणार काहीच नाही. दार आपटण्याचा प्रसंग शोधायचा.

फ्रान्सिसचे एकंदर सात सिनेमे निघाले, 1956 पर्यंत. शेवटच्यात लुबिन नाही, ओ’कॉनर नाही, चिल विल्सही नाही. मिकी रूनी आहे आणि खेचराला आवाज पॉल फ्रीसचा. आवाज बदललेलं खेचर म्हणजे परका पाहुणा, चित्र कितीही लख्ख असो.

बोलक्या डुकराच्या पिल्लाच्या, 1995 च्या ‘बेब’मध्ये मामला उलटा. तिथं खऱ्या प्राण्यांच्या तोंडावर संगणकानं ओठ फिरवले, जिथं जमेना तिथं यांत्रिक प्राणी आणले, आणि व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. ओठ शब्दागणिक जुळतात, तक्रारीला जागा नाही. डुकरांची पिल्लं मात्र भराभर वाढतात, म्हणून नायकाच्या कामाला 48 पिल्लं लागली. चित्र जितकं स्वच्छ तितकं हे डोळ्यांवर येतं: या शॉटमधला कान जरा रुंद, पुढच्यातलं नाक जरा आखूड. एकदा हा नाद लागला की गोष्ट बाजूला राहते आणि आपण पिल्लं ओळखत बसतो. राहू दे बाजूला. गोष्ट आपल्याला पाठच असते.