तुम्ही विचारलंत म्हणून: गोदीतला स्फोट जपान्यांनी घडवला होता का?

मुंबईच्या गोदीतल्या १९४४च्या स्फोटाचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. उत्तर: नाही. चौकशी आयोगाने तो अपघात ठरवला, आग बहुधा विडी-सिगारेटने लागली असं धरून. जपान्यांचा संशय येणं मात्र साहजिक होतं. महायुद्ध चालू, बातम्यांवर सेन्सॉर, आणि जगाला ही बातमी आधी कळली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओवरून. इथल्या वर्तमानपत्रांना ती नीट छापायला मे महिना उजाडला. मधल्या काळात लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

थोटूक कुणाचं होतं, यापेक्षा ते पडलं कशावर हे बघा. फोर्ट स्टिकिन हे ७,१४२ टनी मालवाहू जहाज २४ फेब्रुवारीला इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं. पोटात १,३९५ टन स्फोटकं, त्यांतली २३८ टन अतिसंवेदनशील वर्गातली; शिवाय स्पिटफायर विमानं आणि ३१ पेट्या सोनं. कराचीत त्यात कापसाच्या गाठी आणि वंगणतेलाची पिंपं चढली. पंजाब-सिंधचा कापूस रेल्वेने मुंबईला आणायला तेव्हा बंदी होती, म्हणून व्यापाऱ्यांना समुद्राशिवाय वाट नव्हती. कप्तान नेस्मिथ यांनी या सरमिसळीवर हरकत नोंदवली. उपयोग झाला नाही. युद्धाच्या दिवसांत जहाजातली जागा रिकामी ठेवणं कुणालाच परवडत नव्हतं.

माल रचला कसा, ही माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक. दोन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल ठेवायच्या कप्प्यात, तळाला कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटकं. म्हणजे चूल खाली आणि दारूगोळा वर.

शांततेच्या काळात स्फोटकांचं जहाज गोदीत घेत नसत. बाहेर नांगरून माल पडावांमधून, म्हणजे लहान मालवाहू होड्यांतून, उतरवत. युद्धात हा नियम ढिला झाला. धोक्याचा लाल बावटाही जहाजावर नव्हता. १२ एप्रिलला ते व्हिक्टोरिया गोदीत, वस्तीपासून हाकेच्या अंतरावर, धक्क्याला लागलं.

१४ एप्रिल, शुक्रवार. कामगार जेवणाच्या सुट्टीवर असताना शेजारच्या जहाजांवरच्या काहींना धूर दिसला होता. जहाजावरच्यांना ठाऊक असेलच, असं धरून कुणी बोललं नाही. दोनच्या सुमारास आग जहाजावरच्यांच्या लक्षात आली आणि होल्डमध्ये पाणी सोडणं सुरू झालं. एरवी हे बरोबरच. इथे उलटं झालं. दाबून बांधलेल्या गाठीच्या आत पाणी सहज शिरत नाही, ती आतून धुमसत राहते. शिवाय कापूस तरंगतो. ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं गेलं, तसतशा जळत्या गाठी वर वर, स्फोटकांच्या मजल्याकडे सरकत गेल्या. पाणी उकळू लागलं. धुरामुळे आगीचा उगम आतून दिसेना. बाहेरून मात्र जहाजाच्या पत्र्यावर एके जागी रंगाला फोड आले होते. आग त्याच पत्र्यामागे. तिथे भोक पाडून आत पाणी मारायचं म्हणून गॅस कटर आणवला, तो चालला नाही.

मग दुसरा नेहमीचा प्रश्न: जहाज समुद्रात का ओढून नेलं नाही? धक्क्यावर दारूगोळ्याचे जाणकार कॅप्टन ओबर्स्ट होते, त्यांचं म्हणणं जहाज बुडवा. गोदीचे प्रमुख कर्नल सॅडलर यांचं मत ते बाहेर काढा. इंजिनाची दुरुस्ती चालू असल्याने जहाज स्वतः हलू शकत नव्हतं, आणि गोदीतलं पाणी इतकं खोल नव्हतं की ते बुडवलं तरी सगळा माल पाण्याखाली जाईल. बंबवाल्यांना आग विझेल अशी आशा होती. प्रत्येकाजवळ सल्ला होता, पण सगळ्यांवर चालेल असा हुकूम देणारा एकही माणूस धक्क्यावर नव्हता. त्या दीड-दोन तासांत गोदी आणि आसपासच्या गल्ल्या रिकाम्या करण्याचा हुकूमही निघाला नाही. मला विचाराल तर जहाज वाचवणं कठीण होतं. माणसं हलवणं नव्हतं.

३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट. जहाजाचे दोन तुकडे झाले आणि १२ किलोमीटरवरच्या काचा फुटल्या. ४:३४ला दुसरा. पहिल्या स्फोटानंतर मदतीला धावलेल्यांपैकी कित्येक या दुसऱ्यात सापडले. तेच कापसाचे गठ्ठे पेटते होऊन मांडवी, मशीद बंदर भागातल्या गोदामांवर आणि झोपड्यांवर पडले. धान्याची कोठारं जळाली, तीही शहरात रेशनिंग चालू असताना. मृतांचा आकडा ८०० ते १,३०० सांगतात. इतका फरक पडतो, कारण गोदीतल्या रोजंदारीच्या मजुरांची, हमालांची धड नोंद कुठे होती? अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठीच.

आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. पुढे ८,००० माणसं सात महिने राबली, तेव्हा कुठे सुमारे ५ लाख टन ढिगारा निघून गोदी पुन्हा चालू झाली. भरपाईसाठी सरकारला त्याच वर्षी स्वतंत्र वटहुकूम काढावा लागला.