तुम्ही विचारलंत म्हणून: फाइल हातानं का लिहिता?

"कोडमधून ओपनएपीआयची फाइल आपोआप निघते, मग तुम्ही ती आधी आणि हातानं लिहीत का बसता?" ऑफिसातली नवी पोरं 'दादा' म्हणत विचारतात, ग्राहकाकडची मंडळी 'भिया' म्हणत. एकदाच लिहून टाकतो. एपीआय म्हणजे एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्याशी बोलायची सोय, आणि ओपनएपीआयची फाइल म्हणजे त्या सोयीचं ठरलेल्या पद्धतीनं लिहिलेलं, यंत्रालाही वाचता येणारं वर्णन.

आम्ही इंदूरच्या ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी मालाच्या बुकिंगचं एपीआय चालवतो. त्याला जोडणारे सगळे बाहेरचे. कुणी छावणीतल्या धान्य व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर सांभाळतो, कुणी देवास नाक्यावरच्या गोदामाचं. आमचा कोड त्यांना दिसत नाही. दिसते ती फाइल, आणि तिच्यावरूनच त्यांचं टूल क्लायंट, म्हणजे आमच्या सर्व्हरशी बोलणारा त्यांच्याकडचा कोड, तयार करतं.

आपोआप निघालेल्या फाइलमध्ये मालाच्या वजनापुढं काय असतं? नाव 'वेट', प्रकार 'नंबर'. यंत्राला तेवढं पुरतं. पण कुणी १२ पाठवले तर १२ काय? व्यापारी क्विंटलमध्ये बोलतो, गाडीवाला टनात, आणि काट्याची पावती निघते किलोत. कोड लिहिणाऱ्याच्या डोक्यात एकक पक्कं असतं, म्हणून तो ते लिहीत नाही, आणि न लिहिलेलं जनरेटर, म्हणजे कोडमधून फाइल काढणारं टूल, कुठून आणणार? फाइल आधी लिहायला बसलं की हा प्रश्न तिथंच आडवा येतो. मग फील्डचं नाव 'वेट केजी' होतं, शून्य आणि ऋण आकडे बाद होतात, उदाहरणात १२०० येतात.

तसंच माल पोचल्याच्या वेळेचं. अजून पोचलाच नसेल तर काय करायचं: फील्ड गाळायचं, नल (म्हणजे 'किंमतच नाही' अशी खूण) द्यायचं की रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर)? सर्व्हरवाला म्हणतो, काहीही चालेल. त्याचं चालतं हो! पलीकडचा क्लायंट रिकाम्या स्ट्रिंगमधून तारीख काढायला जातो आणि आपटतो. आम्ही नल ठरवलं. त्यातही ओपनएपीआयच्या ३.० आवृत्तीत 'नलेबल' असं वेगळं लिहावं लागायचं. २०२१ च्या ३.१ नं जेसन स्कीमाशी (डेटाचा साचा लिहायच्या प्रचलित पद्धतीशी) जुळवून घेतलं, तेव्हापासून नल प्रकारातच लिहितात. ग्राहकाचं टूल कोणती आवृत्ती वाचतं ते आधी विचारून घ्या.

खरा धोका मात्र ऑपरेशन आयडीचा, म्हणजे एपीआयच्या प्रत्येक कामाला फाइलमध्ये दिलेल्या नावाचा. पायथनच्या फास्टएपीआयसारख्या फ्रेमवर्कमध्ये काही सांगितलं नाही तर तो फंक्शनच्या नावावरून बनतो, आणि क्लायंटमध्ये त्याचंच मेथडचं नाव होतं. म्हणजे आमच्या एखाद्या पोरानं साफसफाई म्हणून फंक्शनचं नाव बदललं, की नवा क्लायंट काढल्यावर गोदामवाल्याचा प्रोग्राम कंपाइल होणं बंद. पत्ता तोच, डेटा तोच, सर्व्हरच्या टेस्ट हिरव्यागार. आपोआप निघणारी फाइल कोडपासून कधी फारकत घेत नाही, हे तिचं कौतुक मला म्हणूनच पटत नाही. कोडमधला प्रत्येक खासगी बदल ती निमूटपणे बाहेर पोचवते.

हातानं लिहिलेली फाइल शिळी होते, हा आक्षेप मान्य. त्यावर तपासणी लावायची. आमच्याकडं प्रत्येक बिल्डमध्ये (कोड बदलला की होणाऱ्या बांधणीत) स्कीमाथिसिस नावाचं तपासणीचं टूल फाइल वाचून स्वतःच रिक्वेस्ट रचतं आणि उत्तरं स्कीमात, म्हणजे फाइलमधल्या साच्यात, बसतात का ते पाहतं. बसली नाहीत तर बिल्ड लाल. वजन किलोतलं आहे की क्विंटलमधलं, हे त्यालाही कळत नाही. तो भाग माणसानंच वाचायचा.

एकाच खोलीत बसणाऱ्या दोन टीमचं आतलं एपीआय असेल तर खुशाल कोडमधून काढा. तिथं मी वाद घालत नाही.

आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. तिला कायमचा एक पत्ता द्या, लॉगिनच्या बाहेर. २०१९ च्या आरएफसी ८६३१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात त्यासाठी 'service-desc' नावाचा लिंकचा प्रकार आहे ('desc' म्हणजे डिस्क्रिप्शन, वर्णन). सर्व्हरच्या उत्तराच्या हेडरमध्ये (उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीत) तो घातला, की पुढच्या डेव्हलपरला फाइल कुठं आहे हे विचारायला फोन करावा लागत नाही.