मोहाचे दिवस आणि ३१ मार्च

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका संस्थेसाठी मी बरीच वर्षे निधीचे प्रस्ताव लिहिते आहे, आणि त्यातला एक अजून मनातून जात नाही. एका गोंड गावात मोहफुले आणि तेंदूपाने साठवण्यासाठी गोदाम बांधायचे होते. देणगीदार कंपनीला आर्थिक वर्ष संपण्याच्या आत, ३१ मार्चपूर्वी, करारावर ग्रामसभेची सही हवी होती. नेमके तेच मोह गळण्याचे दिवस. पहाटेच्या अंधारात अख्खे घर टोपल्या घेऊन झाडांखाली जाते, ऊन चढेपर्यंत फुले वेचते आणि मग ती अंगणात वाळत घालते. तरीही एका रात्री ग्रामसभा बसली. जागेवर एकमत होईना, तेव्हा एक आजी मला म्हणाल्या, "जागाच ठरली नाही बाई, तर सही कशावर करायची?" मोह सरल्यावर पुन्हा बसू, असे ठरले. कंपनीने निधी दुसरीकडे वळवला आणि गावाच्या नावापुढे 'प्रतिसाद नाही' असा शेरा पडला. तो शेरा खोटा होता, हे मी तेव्हाच लेखी कळवायला हवे होते.

ग्रामसभेला पैसा सांभाळता येईल का, हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत विचारला जातो. याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. तिथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. बांबू तोडायचा किती, विकायचा कसा आणि आलेल्या पैशाचे करायचे काय, हे गावानेच बसून ठरवले आहे.

पण आपले नियम दुसऱ्या दिशेला ओढतात. सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतले, काम कंपनी स्वतः करत नसेल, तर ते बहुधा नोंदणीकृत न्यास, सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालच्या ना-नफा कंपनीमार्फतच होते. परदेशी देणगी मिळालेल्या संस्थेला ती पुढे दुसऱ्या कोणाला देण्याची मुभा २०२० च्या दुरुस्तीने उरलेली नाही. म्हणजे ग्रामसभेच्या नावाने आलेला पैसाही आमच्यासारख्या मध्यस्थांच्याच खात्यात थांबतो. जगभरचे चित्र फारसे निराळे नाही. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत काही सरकारांनी आणि खासगी प्रतिष्ठानांनी आदिवासी व स्थानिक समुदायांच्या जमीनहक्कांसाठी १७० कोटी डॉलर जाहीर केले. त्यांच्याच पहिल्या वार्षिक अहवालानुसार त्या वर्षी दिलेल्या रकमेपैकी जेमतेम ७ टक्के थेट त्या समुदायांच्या संघटनांपर्यंत पोहोचले.

त्या गोदामासाठी मी दुसऱ्या देणगीदाराकडे गेले, आणि या वेळी धानाची मळणी उरकून ग्रामसभा बसेपर्यंत प्रस्तावाची एक ओळही लिहिली नाही. जागा नाल्याच्या अलीकडे, रस्त्यालगत ठरली. चाव्या आणि हिशेबाची वही महिला बचत गटाकडे राहील, असेही ठरले. प्रस्तावाचे पहिले पान म्हणून मी ग्रामसभेचा ठराव जोडला. त्याखाली सह्या आणि अंगठे मिळून दीड पान भरले होते.