लेकीची ऑक्युपेशनल थेरपी, आमच्या घरातली

आमच्या लेकीला डाऊन सिंड्रोम आहे, आता सहा वर्षांची झाली. ओळखीतले, पाहुण्यांतले लोक विचारतात की थेरपी थेरपी म्हणता ते नक्की काय करतात तिथं, खरंच फरक पडतो का, आणि खेड्यात राहून जमतं का, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे जेवण, कपडे अशी रोजची कामं पोराला स्वतःची स्वतः जमावीत म्हणून दिलेलं शिक्षण. आम्ही खटाव तालुक्यात राहतो, माझं हार्डवेअरचं छोटं दुकान आहे.

जन्मानंतर रक्ताची तपासणी झाली त्यात कळलं की २१ नंबरचं गुणसूत्र दोनाच्या जागी तीन आहे. हृदयाला छिद्र होतं, नंतर थायरॉइड निघालं, त्यामुळं पहिला काळ सगळा टूडी इको आणि रक्ताच्या रिपोर्टमधेच गेला. एका डॉक्टरांनी तर सरळ सांगितलं होतं की हिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, सांभाळा फक्त. ते वाक्य आमच्या घरात लई दिवस राहिलं. सांभाळायचं म्हणजे काय, तर भरवायचं, कपडे घालायचे, कडेवर घेऊन फिरायचं.

थेरपीचा रस्ता दाखवला तो अंगणवाडीत तपासणीला आलेल्या टीमनं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणून आहे, २०१३ पासून चालू, त्यांची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते आणि जन्मतः व्यंग, वाढ मागं पडलेली अशी पोरं बघून पुढं पाठवतात. ज्यांची पोरं अंगणवाडीत आहेत त्यांनी त्या दिवशी पोराला घरी अजिबात ठेवू नका. त्यांनी चिठ्ठी दिली ती जिल्ह्याच्या डीईआयसीची, म्हणजे लहान मुलांसाठीचं सरकारी केंद्र, तिथं बालरोगतज्ज्ञ, थेरपिस्ट, कान तपासणारे, मानसशास्त्रज्ञ असे एकाच ठिकाणी भेटतात आणि पैसे लागत नाहीत. बायको तिला घेऊन एसटीनं जायची, २०२३ पासून बायकांना हाफ तिकीट झाल्यावर तेवढाच हातभार लागला. रोज जाणं शक्य नव्हतंच, आणि हे तिथल्या थेरपिस्ट मॅडमना पहिल्याच दिवशी सांगितलं ते बरं झालं, कारण मग त्यांनी सगळं घरी करण्यासारखंच बसवून दिलं.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं हातापायाचे व्यायाम घेतील. मॅडमनी पोरीला खाली सतरंजीवर सोडलं, बिस्कीट दिलं आणि नुसतं बघत बसल्या. कशी बसते (ती दोन्ही पाय फाकवून पार लांब पसरून बसायची), बिस्कीट अख्ख्या मुठीत धरते का बोटांनी, तोंड उघडं राहतं का. मग आम्हाला विचारलं, हिला स्वतःचं स्वतः काय करता यायला पाहिजे असं तुम्हाला वाटतं? आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. असं आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. बायको म्हणाली, जेवण. शाळेत खिचडी मिळते, तिथं तिला कोण भरवणार.

मग जेवणापासूनच सुरुवात झाली. डाऊन सिंड्रोममधे स्नायू सैल असतात, सांधेही सैल, बोटं आखूड, त्यामुळं पातळ दांड्याचा चमचा हातात टिकतच नाही. मॅडम म्हणाल्या दांडा जाड करा. मी दुकानातली सायकलच्या हँडलची रबरी ग्रिप चमच्याला घट्ट बसवली, आणि तोच चमचा आमच्याकडं अजून चालू आहे. ताट सपाट नको, उभ्या काठाचं पाहिजे म्हणजे घास काठाला टेकून चमच्यात येतो. ताटाखाली ओलं फडकं, म्हणजे सरकत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाय. खुर्चीत बसल्यावर पाय लोंबकळत असतील तर पोराचा अर्धा जोर पडू नये म्हणून सावरण्यातच जातो, हाताला काय उरणार. म्हणून पायाखाली लाकडी पाट, गुडघे काटकोनात, टेबल कोपराच्या उंचीला. एवढं केल्यावर त्याच आठवड्यात तिचा हात तोंडापर्यंत नीट जायला लागला, सांडत होतंच, पण जात होता.

सुरुवात पातळ डाळीनं नाही करायची बरं का. घट्ट मऊभात, शिरा, असं चमच्याला चिकटून राहणारं आधी, आमटी पार शेवटी.

कपड्यांचं पण असंच. मॅडमनी सांगितलं की शेवटच्या पायरीपासून शिकवा. म्हणजे चड्डी घालताना सगळी आपण घालायची, मांडीपर्यंत आणायची आणि फक्त कमरेवर ओढायचं काम तिचं. ते जमलं की गुडघ्यापासून तिनं ओढायची, मग घोट्यापासून, असं उलटं उलटं जायचं. त्यामुळं प्रत्येक वेळी काम तिच्या हातानं पूर्ण होतं, शेवटी टाळ्या तिलाच मिळतात, आणि पोरगी कंटाळत नाही. पहिल्यापासून शिकवलं असतं तर पाय घालतानाच रडारड झाली असती. माझ्या मते सगळ्या थेरपीत ही एक गोष्ट जरी नीट उचलली तरी आंघोळ, चप्पल, दात घासणं, सगळीकडं चालते.

खरी अडचण आमच्या आईची होती. नात सांडते, धडपडते हे तिला बघवायचं नाही, ती पटकन घास भरवून मोकळी व्हायची. तिचा जीव आहे पोरीत, तिला दोष देऊन काय उपयोग. मॅडमनी सांगितलं आजींना पण घेऊन या. आईला त्यांनी काम नेमून दिलं, मटार सोलायला नातीला घेऊन बसायचं, कणकेच्या बारीक गोळ्या करायला द्यायच्या, दोरीवरच्या कपड्यांचे चिमटे काढायला लावायचे. हे सगळं बोटांची ताकद आणि चिमटीत धरायची पकड वाढवायचं. आता आईच आम्हाला रागावते, मधे हात घालू नका तिचं तिला करू द्या म्हणून.

एक गोष्ट मात्र डाऊन सिंड्रोमच्या पालकांनी लक्षात ठेवाच. बाकीच्या पोरांसारखी कोलांटउडी आमच्या लेकीला मॅडमनी साफ नाही सांगितली. या पोरांत काहींच्या मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवर जास्त हलतात, मानेवर भार आला तर मज्जारज्जूला धोका. मान दुखते, मान वाकडी धरते, चाल अचानक बदलली, हातापायातला जोर कमी वाटला, येत असलेलं लघवीचं कंट्रोल गेलं, असं काही दिसलं तर थेरपी थांबवून लगेच डॉक्टरांकडं. झोपाळा, गादीवर लोळणं, पाण्याची बाटली उचलून आणणं हे आमचं चालू आहे, पण तेही त्यांना विचारूनच.

मधे डीईआयसीतली जागा काही काळ रिकामी होती तेव्हा प्रायव्हेट शोधलं. एका ठिकाणी सगळ्या पोरांना एकाच खोलीत बॉलच्या टाकीत सोडून द्यायचे आणि पालकांनी बाहेर बसायचं, का काय कशासाठी काही सांगत नव्हते. तिथनं आम्ही निघालो. थेरपिस्टची बीओटीएच (ऑक्युपेशनल थेरपीची पदवी) किंवा पुढची पदवी आहे का, राज्याच्या कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर आहे का, हे विचारायला लाजू नका, खरे शिकलेले लोक न चिडता दाखवतात. ह्या शाखेचं शिक्षण आपल्याच राज्यात १९५० साली मुंबईच्या केईएममधे सुरू झालं, कमला निंबकरांनी केलं, मूळच्या अमेरिकेच्या आणि निंबकरांच्या घरात लग्न होऊन आलेल्या. आमच्या जिल्ह्यात फलटणला त्यांच्या नावाची शाळा आहे, तिच्यावरनं किती वेळा गेलो असेन आणि ह्या कामाशी त्यांचा संबंध मला लेकीमुळं कळला. आणि बुद्धी वाढवायची पावडर, स्टेम सेलची इंजेक्शनं असलं कुणी गळ्यात मारत असेल तर पैसे देऊ नका, जास्तीचं गुणसूत्र कशानंच जात नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. यूडीआयडी कार्डचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरायचा, मग सिव्हिल हॉस्पिटलला तपासणाऱ्या डॉक्टरांचं बोर्ड ज्या वारी बसतं त्या वारी जायचं. पाच वर्षांच्या आत वाढ उशिरा असं लिहून तात्पुरतं सर्टिफिकेट देतात, पाचनंतर आयक्यूची टेस्ट होऊन परत. सगळ्या रिपोर्टच्या झेरॉक्स आणि ओरिजिनल दोन्ही न्या. सर्टिफिकेट आलं की नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्याला लागलीच अर्ज करा, १ लाखापर्यंतचं कव्हर आहे, आधीपासूनचा आजार म्हणून नाकारत नाहीत आणि थेरपीचा खर्च पण त्यात बसतो, त्याच्या मर्यादा तेवढ्या बघून घ्या. दरवर्षी रिन्यू करावं लागतं, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

लेक आता शाळेत स्वतः जेवते. आमटी-भात अजून सांडतो थोडा. सध्या बटणांवर काम चालू आहे, बायकोनं तिच्या फ्रॉकला पुढच्या बाजूला मोठी बटणं शिवून दिलीत, शेवटचं बटण तिनं लावायचं. संध्याकाळी दुकानात माझ्याजवळ बसून नट वेगळे, बोल्ट वेगळे करते, मॅडमनीच सुचवलं होतं. पुढचं काय शिकवायचं ते ह्यावेळी तिलाच विचारलं, तर म्हणाली शेजारच्या दुकानात एकटी जाणार. म्हणून आता सुट्टे पैसे ओळखायला घेतलेत.